दुसरा कोस आणि वेठ

डोंगरावरील प्रवचनातील दुसऱ्या कोसाची आज्ञा (मत्तय 5:41) आपल्या व्यासपीठांवरून जितक्या वेळा सांगितली जाते, तितक्या वेळा ती नीट वाचली जाते असे म्हणवत नाही. उपदेशाचा साचा ठरलेला आहे. जगातील लोक नेमून दिले तेवढेच करितात, ख्रिस्ती मनुष्याने त्याहून अधिक करावे, येथवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. मग उपदेशक समोर बसलेल्यांकडे वळतो आणि मंडळीच्या कामासाठी कोणी किती अधिक करावयास हवे, ह्याची मोजदाद सुरू होते. रविवारच्या शाळेची शिक्षिका, मंदिर झाडणारी बाई, खेड्यापाड्यांतून सायकलीवर हिंडणारा प्रचारक, शाळा आणि दवाखाना दोन्ही सांभाळणारी धर्मभगिनी, ह्यांच्याकडे त्या वेळी सर्वांचे डोळे लागतात. हा जो वळसा आहे त्याचीच प्रस्तुत लेखात चिकित्सा करावयाची आहे. कर्तव्याच्या पलीकडे जाऊन निःस्वार्थपणे केलेल्या कृत्यांविषयी ख्रिस्ती शिकवण काय, हा एक प्रश्न. ती शिकवण सांगताना आपण तिचे काय करून ठेवितो, हा दुसरा. माझे म्हणणे थोडक्यात असे की, दुसरा कोस ज्याचा त्याने चालावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल होऊ लागला की त्याचा पुन्हा पहिला कोस होतो.

प्रथम शब्द पाहू. मूळ ग्रीक क्रियापद 'आंगारेउओ' हे फारशी राजवटीतील डाकव्यवस्थेतून आलेले आहे. राजाच्या जासुदाने वाटेत भेटेल त्या माणसाला व जनावराला कामास जुंपावे, असा तो अधिकार होता. पुढे तो रोमी शिपायाकडे आला. हेच क्रियापद मत्तयाने आणखी एकदाच वापरले आहे, कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर वधस्तंभ दिला गेला त्या ठिकाणी (मत्तय 27:32). आपल्या मराठी शास्त्रात ह्यासाठी 'वेठीस धरणे' असा शब्द योजला आहे. माझ्या मते हे भाषांतर अत्यंत नेमके आहे, कारण वेठ म्हणजे काय हे आपल्या खेड्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. (कोसाच्या बाबतीत मात्र भाषांतराने आपल्यावर थोडा अन्यायच केला. रोमी मैल सुमारे दीड किलोमीटरचा. आपला कोस त्याच्या दुप्पट. मराठी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला पहिल्यापासूनच लांबचा पल्ला आला.)

तेव्हा पहिला कोस हा जुलूम आहे, त्याला 'कर्तव्य' म्हणणे हाच मुळी उपदेशकाचा पहिला घोटाळा होय. शिपायाचा अधिकार मैलाच्या दगडाशी संपतो. त्या दगडाच्या पुढे जो ओझे घेऊन चालतो तो स्वतंत्र मनुष्य म्हणून चालतो, आणि प्रभूच्या शब्दांतील सारा चमत्कार तेथेच आहे. पण हे शब्द कोणाला उद्देशून आहेत? ओझे वाहणाऱ्याला. शिपायाला ते सांगितलेले नाहीत. शिपायाने हे वचन पाठ करून दगडाशी उभे राहावे आणि 'तुझ्या गुरूने दोन कोस सांगितले आहेत, चल' असे म्हणावे, ही कल्पनाच हास्यास्पद वाटते. तथापि आपल्या कार्यकारिणीच्या बैठकांतून असे शिपाई मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांतील काहींच्या गळ्यांत पाळकाची पांढरी पट्टी होती.

आता सिद्धांताकडे वळू. कर्तव्याधिक सत्कृत्यांना पाश्चात्त्य धर्मशास्त्रात 'सुपरएरोगेशन' असे नाव आहे. हे नाव चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याच्या लॅटिन पाठातून आले, हे धर्मशाळेत शिकलेल्यांना स्मरत असेल. लूक 10:35 मध्ये तो उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेवितो, म्हणजे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दराने दोन दिवसांची मजुरी, आणि ह्याहून अधिक जे खर्च होईल त्याविषयी बोलतो. 'अधिक खर्च करणे' ह्यासाठी जेरोमच्या लॅटिन पाठात जे क्रियापद आहे त्यावरूनच हे पारिभाषिक नाव पडले. शब्द हिशेबाच्या वहीतला आहे, तिजोरीतून ठरलेल्यापेक्षा जास्त रक्कम बाहेर काढणे एवढाच त्याचा मूळ अर्थ.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. थॉमस ॲक्वायनसने आज्ञा आणि सुवार्तिक सल्ले ह्यांत भेद केला: आज्ञा सर्वांवर बंधनकारक, सल्ला ज्याच्या त्याच्या निवडीवर सोपविलेला. 1343 मध्ये पोप सहावा क्लेमेंट ह्याने संतांच्या पुण्याच्या भांडाराची शिकवण अधिकृतपणे मांडली, त्या भांडारातून दंडमुक्तिपत्रे निघू लागली, आणि 1517 मध्ये लूथरने त्यांवर प्रहार केला. इंग्लंडच्या मंडळीच्या एकोणचाळीस कलमांपैकी चौदावे कलम तर अशा कृत्यांची शिकवण उद्धटपणाची व अधार्मिक ठरवून मोकळे झाले. 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरविले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणा केली, तेव्हा त्या जुन्या भांडणाची धार पुष्कळच बोथट झाली. ह्या वादाचा विषय असा की, अधिक केल्याने देवापाशी काही जमा होते काय? तो प्रश्न मोलाचा होता. पण त्या धुरळ्यात एक साधी गोष्ट मागे पडली. ज्या वचनावरून सिद्धांताला नाव मिळाले, त्या वचनातील 'अधिक खर्च' शोमरोनी करीत नाही. त्या क्रियापदाचा कर्ता उतारशाळेचा रक्षक आहे. अधिक खर्च करावयाचा त्याने, आणि परत येऊन तो फेडण्याची हमी देतो तो शोमरोनी. म्हणजे स्वतः कर्तव्याच्या पलीकडे गेलेल्या ह्या मनुष्याने दुसऱ्याकडे अधिक मागितले खरे, पण ते रोख दोन दीनार पुढे ठेवून आणि उरलेल्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन. रक्षकाला त्याने करुणेवर प्रवचन दिले नाही.

इंदूरच्या पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतील कामगाराला हा मुद्दा फोड करून सांगावा लागणार नाही. ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काम म्हणजे काय, हे त्याला हजेरीच्या कार्डावरून कळते. 1948 च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तास किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ह्यांपेक्षा जास्त कामाला दुप्पट दराने मजुरी ठरविली. कायदा करणाऱ्यांनी त्यागाची व्याख्या केली नाही. त्यांनी एवढेच पाहिले की जो अधिक काम मागतो त्याला त्याचा भार जाणवला पाहिजे. आता हाच कामगार रविवारी मंदिरात येतो आणि दुसऱ्या कोसावरचे प्रवचन ऐकतो. त्याच्या मनात काय येत असेल? कारखान्याच्या मालकाला अधिक तासाचे पैसे मोजावे लागले, आणि मंडळीने मात्र अधिक तासाचे एक वचन शोधून काढले. मंडळी म्हणजे कारखाना नव्हे, हे मलाही मान्य आहे. प्रेमाच्या कामाची ताशी मजुरी लावता येत नाही. परंतु ज्या प्रचारकाच्या मुलांची फी थकली आहे त्याला पगाराऐवजी हे वाक्य ऐकविले जाते, तेव्हा ते वाक्य खरे असूनही लबाड ठरते.

ह्यावर हटकून पुढे केले जाणारे वचन म्हणजे लूक 17:10. सर्व काही केल्यावरही आपण निरुपयोगी दासच आहो, असे शिष्यांनी म्हणावे, असे प्रभूने शिकविले. चौदाव्या कलमाचा आधारही हेच वचन. त्याच्या व्याकरणाकडे लक्ष द्यावे. ते प्रथमपुरुषी आहे. दिवसभराचे काम आटोपून आलेल्या दासाने स्वतःविषयी, स्वतःच्या तोंडाने म्हणावयाचे ते शब्द आहेत. धन्याने ते दासाला म्हणावेत असे तेथे नाही. उलट त्याच लूकाच्या बाराव्या अध्यायात (12:37) जागृत दासांना बसवून धनी स्वतः कंबर बांधतो आणि त्यांना वाढतो. 'आम्ही निरुपयोगी' हे नम्रतेचे उच्चारण आहे. 'तुम्ही निरुपयोगी' ही नुसती शिवी झाली. सर्वनाम बदलले की शास्त्रवचनाचे काय होते, ह्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पौलाची रीत ह्याबाबत फार शिकण्यासारखी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो सुवार्तेच्या सेवकाचा उपजीविकेचा हक्क किती बाजूंनी सिद्ध करितो! शिपाई, द्राक्षमळेवाला, मेंढपाळ, मळणीचा बैल, वेदीचे सेवक, आणि शेवटी खुद्द प्रभूचा नेम. चौदाव्या वचनापर्यंत हक्क पूर्ण प्रस्थापित होतो, आणि मगच तो म्हणतो की मी मात्र त्याचा उपयोग केला नाही. सोडून दिला तो स्वतःचा हक्क. केफाला पत्नीसह प्रवास करण्याचा जो अधिकार होता, तो पौलाने केफाच्या वतीने सोडला नाही. आपल्याकडे पुष्कळदा क्रम उलटा असतो. हक्काचे नावही निघत नाही, आणि त्यागाचा ठराव मात्र एकमताने संमत होतो, बहुधा ज्याचा त्याग व्हावयाचा तो बैठकीला हजर नसताना.

फिलेमोनास लिहिलेले पत्र तर ह्याच विषयाचे पत्र म्हणावे. आज्ञा करण्याचा अधिकार असून पौल विनंती करितो, चांगले कृत्य जुलमाने नव्हे तर खुशीने व्हावे असे बजावितो, अनेसिमाचे देणे असल्यास आपल्या खाती लिहिण्यास सांगून स्वहस्ते फेडीची हमी देतो, आणि शेवटी सांगितल्यापेक्षा अधिक करशील अशी खात्री व्यक्त करितो (वचन 21). शोमरोन्याचीच ही चाल आहे: अधिक मागावयाचे तर बिल आपल्या नावावर. एकोणिसाव्या वचनात 'तू स्वतःच माझा ऋणी आहेस, हे मी बोलत नाही' अशा अर्थाची पुस्ती तो जोडतो, तेथे मात्र दडपणाचा किंचित वास येतो, आणि तो लपविण्याचे कारण नाही. विनंती आणि दडपण ह्यांतील अंतर प्रेषितालाही अरुंद वाटले असावे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ह्या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक ग्रंथ कोणता, असे विचारल्यास मी एखाद्या धर्मशास्त्रीय प्रबंधाचे नाव न घेता लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे बोट दाखवीन. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीत मोकळेपणासाठी व विनोदासाठी गाजले. आपल्या मंडळीत ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या थोरवीचा पुरावा म्हणून वाचले जाते, आणि थोरवी त्यात आहेच. पैसा हाती न ठरणारा, वाटेत भेटेल त्याला घरी आणणारा, अंगावरचे काढून देणारा कवी पानोपानी भेटतो. पण हा ग्रंथ कोणाच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे विसरून तो वाचला जातो. तो उतारशाळेच्या रक्षकाच्या नजरेतून लिहिलेला आहे.

जखमी मनुष्याला आणावयाचे टिळकांनी. पाणी तापवावयाचे, अंथरूण काढून द्यावयाचे, आणि डब्यात पीठ नाही हे शोधून काढावयाचे लक्ष्मीबाईंनी. शोमरोनी निदान दोन दीनार ठेवून गेला होता. टिळकांच्या घरी तेही पुष्कळदा नसत. ह्याहून खोल प्रसंग धर्मांतराचा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. सत्यासाठी त्यांनी जात, आप्त, मान सर्व सोडिले. हा त्याग खरा आहे, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. पण त्या एका निर्णयाने लक्ष्मीबाईंचेही सर्वस्व गेले, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढची काही वर्षे त्यांनी लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढिली. टिळकांनी दुसरा कोस चालण्यास आरंभ केला त्याच क्षणी त्यांची पत्नी वेठीस धरली गेली.

लक्ष्मीबाईंची थोरवी अशी की त्यांनी ह्या वेठीचे कौतुक केले नाही आणि तक्रारही केली नाही. त्या सांगतात, आणि सांगताना हसतात. आपले काही टीकाकार ह्या हास्याला क्षमेची खूण समजतात. मला ते हिशेबाची खूण वाटते. प्रत्येक औदार्याची किंमत त्यांनी बारीक अक्षरांत टिपून ठेविली आहे. प्रेमाने टिपली आहे, पण टिपली आहे. पुढे 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पतीमागे फरफटत जाऊन नव्हे. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या गतीने सोडविला, आणि मगच. येथून त्यांचा स्वतःचा दुसरा कोस सुरू होतो. ह्याचा मोठा पुरावा 'ख्रिस्तायन' हा आहे. 1919 मध्ये टिळक वारले तेव्हा ते महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर थांबलेले होते. ज्यांचे शालेय शिक्षण झालेच नव्हते अशा ह्या बाईंनी ते पुढे चालविले, आणि आज त्यातील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. हे काम त्यांच्याकडे कोणी मागितले नव्हते. प्रपंचातील आधीच्या कष्टांविषयी लिहिताना जो मिस्कील सूर लागतो आणि ह्या कामात जी लगन दिसते, त्या दोहोंतील फरक ज्याला ऐकू येईल त्याला वेठ आणि दुसरा कोस ह्यांतील फरक वेगळा शिकविण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, अशी कसोटी लावली तर त्यागाचा उपदेशच बंद होईल. प्रत्येक सत्कृत्याचा थोडाबहुत भार घरच्यांवर पडतोच. आक्षेप वजनदार आहे, आणि टिळकांनी घरी विचारीत बसावयाचे ठरविले असते तर मराठी मंडळीला टिळक मिळालेच नसते, हेही मी नाकारीत नाही. परंतु मासेदोनियातील मंडळ्यांविषयी लिहिताना पौल (2 करिंथ 8) त्यांनी शक्तीबाहेर दिले असे सांगतो आणि लगेच पुढे, हे मी आज्ञा म्हणून बोलत नाही, असे स्पष्ट करितो. उदाहरण सांगावयास त्याला संकोच नाही. मागणी करावयास आहे. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्टही (मार्क 12) आपण दानाच्या रविवारी सांगतो, पण विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा उल्लेख तिच्या लगेच आधी येतो, तेथून वाचन सुरू करीत नाही. त्या दोन टोल्यांकडे येशू कौतुकाने पाहत होता की संतापाने, ह्याचा निर्णय मार्काने आपल्यावर सोडला आहे. मला दोन्ही दिसतात.

पोलोग्राउंडच्या ह्याच इंदूर धर्मप्रांतात ह्या विषयाचे अलीकडचे, आणि माझ्या मते अत्यंत शुद्ध, उदाहरण घडले आहे. सिस्टर राणी मारिया ह्या केरळातील पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी. 1992 पासून देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे त्या आदिवासींमध्ये काम करीत होत्या. बचतगट, बँकेचे कर्ज, सरकारी योजनांची माहिती, असे ते रोखठोक काम होते, आणि त्याने सावकारी पाश सैल होऊ लागला. आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सावकाराबरोबर आणखी एक कोस चाला, असे त्यांनी आदिवासींना सांगितले नाही. आदिवासींचा पहिलाच कोस चुकविण्यासाठी त्या स्वतः दुसरा चालल्या. ज्यांच्या हितसंबंधांना त्यामुळे धक्का बसला त्यांच्या चिथावणीने 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने असंख्य वार झाले आणि त्यांचा अंत झाला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथेच त्यांना धन्य घोषित करण्यात आले.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल, ह्याही त्याच संघाच्या, 2002 मध्ये रक्षाबंधनाच्या सुमारास तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आल्या. आईनेही त्याला क्षमा केली व त्याचे हात चुंबिले. त्याच्या सुटकेच्या प्रयत्नांना कुटुंबाने पाठिंबा दिला, आणि 2006 मध्ये तो सुटला. न्यायालयाने आपले काम केले होते. ते कोणी अडविले नाही. क्षमा त्यानंतरची, आणि ती दिली कोणी? ज्यांचे माणूस गेले त्यांनी. धर्मप्रांताला, संघाला, किंवा आपल्यासारख्या लेखकांना ती देता आली नसती, कारण ते देणे आपले नव्हते.

आज ही कथा आपल्या प्रवचनांतून सर्रास येते, आणि ती यावीच. पण ती कशी सांगितली जाते ते मी ऐकले आहे. पतीच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या स्त्रीला समजावताना, भावाने जमीन बळकाविलेल्या माणसाला कोर्टातून मागे फिरविताना, 'त्या भगिनीने खुन्याला राखी बांधली, तुम्ही एवढे करू शकत नाही काय?' असा प्रश्न टाकला जातो. हत्येपासून राखीपर्यंत सात वर्षे गेली, एवढे तरी असे विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावे. त्या सात वर्षांत त्या कुटुंबाकडून तारीख ठरवून क्षमा कोणी मागितल्याचे मी वाचलेले नाही. राखी सिस्टर सेल्मींनी स्वतः नेली होती.